कित्तूर-नंदगडच्या सहलीवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार सर,

शाळांनी बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूर-नंदगडला इतिहासाची सहल न्यावी, यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इतिहासाची सहल म्हणजे अभ्यासाच्या नावाखाली पिकनिक. मुलं पुतळ्यासमोर फोटो काढतात, डबा खातात आणि परत आल्यावर एकाचं बघून सगळा वर्ग अहवाल उतरवतो. त्यापेक्षा वर्गात व्हिडिओ दाखवा, पालकांचे पैसे तरी वाचतील. शिवाय कित्तूर-नंदगडच्या पाट्या कन्नडमध्ये, मग मराठी माध्यमाच्या मुलांना तिथे काय कळणार? आणि जिथे माणसं लढून मेली, फासावर गेली, तिथे मुलांचा दंगा शोभत नाही.

पहिल्या आक्षेपात तुम्ही जे वर्णन केलंय ते अनेक शाळांच्या बाबतीत खरं आहे. पण खोट मुलांत नाही, रूटमध्ये आहे. कित्तूर, बैलहोंगल, संगोळ्ळी, नंदगड आणि वर गोकाकचा धबधबा, हे सगळं एका दिवसात बसवलं की काय होतं बघा. पन्नास मुलं बसमधून उतरून रांगेत उभी राहायला दहा मिनिटं, परत चढून मोजणी व्हायला दहा मिनिटं. थांबा अर्ध्या तासाचा असेल तर हातात उरतात दहा मिनिटं. तेवढ्यात फोटोच होतो, दुसरं काही होत नाही. म्हणून एका दिवसात दोन ठिकाणं, फार तर. कित्तूरला अडीच-तीन तास, जेवण, मग बैलहोंगलला कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी आणि घरी. बसचं भाडं किलोमीटरवर ठरतं, त्यामुळे ठिकाणं कमी केली की पालकांचा खर्चही आपोआप उतरतो.

व्हिडिओ जरूर दाखवावा, पण सहलीच्या आठवडाभर आधी. कारण जुन्या रणभूमीवर बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. मनात प्रश्न घेऊन गेलं तरच ती जागा बोलते. कित्तूरसाठी प्रश्न तयार आहे. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे राजे शिवलिंगरुद्र सर्जा वारले. ईस्ट इंडिया कंपनीचा धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने त्यांच्या दत्तक मुलाला वारस मानलं नाही आणि खजिन्याला सील ठोकलं. २३ ऑक्टोबरला तो तोफा घेऊन किल्ल्याच्या दारात उभा राहिला. दरवाजा आतून उघडला, कित्तूरचे लोक तुटून पडले आणि थॅकरे तिथेच मारला गेला. एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन अधिकारी कैद झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनी मोठी फौज घेऊन परत आली, तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि किल्ला पडला. तट तोच, माणसं तीच. मग सहा आठवड्यांत निकाल उलटा कसा लागला? हे कोडं आठवीच्या मुलाला घरून निघतानाच डोक्यात हवं.

मग कित्तूरला पोचल्यावर अंतरं मोजायची. त्याची तयारी शाळेच्या मैदानावर होते: वीस मीटरची दोरी टाकायची आणि प्रत्येकाने आपली पावलं किती होतात ते वहीत लिहून ठेवायचं. किल्ल्यावर बारा ते पंधरा मुलांचा गट, प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक. दरवाजापासून खंदकाच्या कडेपर्यंत किती, दरवाजापासून बाहेरच्या मोकळ्या जागेपर्यंत किती, हे पावलांनी मोजून आलेख कागदावर उतरवायचं. एक सेंटिमीटरला दहा पावलं पुरे. इथे हमखास चुकतं ते असं की मुलं बोलत बोलत मोजतात आणि आकडा हुकतो. म्हणून एकच अंतर दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि सरासरी घ्यायची. दुसरी अडचण नव्या-जुन्याची. आजचा रस्ता, बाग, दुरुस्त केलेली भिंत हे सगळं १८२४ चं समजून मुलं नकाशात काढतात. तीन रंगांच्या पेन्सिली द्याव्यात: मूळ बांधकाम, दुरुस्ती, नवं. कुठला दगड कुठल्या रंगात जाणार यावर मुलं वाद घालू लागली की शिक्षकाने मध्ये पडू नये, तो वाद होऊ द्यावा. तोफा दाराशी आणून उभ्या केल्या तर आतून निघालेल्या घोडेस्वारांना त्या किती लवकर गाठता येतात, हे नकाशा हातात असला की मुलं स्वतःच सांगतात.

वाड्याच्या अवशेषांत ध्रुवतारा बघायची नळी भिंतीत बसवलेली आहे. बहुतेक गट डोळा लावतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. खरं तर तिथे वीस मिनिटं थांबावं. एक कोनमापक, त्याच्या मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला जडसा नट बांधला की कोन मोजायचं साधन तयार. कित्तूरचा अक्षांश सुमारे १५.६ अंश, म्हणजे ध्रुवही क्षितिजापासून साधारण तेवढाच वर दिसणार. नळीला हात न लावता, बाजूला उभं राहून कोनमापकाची सरळ कड नळीच्या रेषेत धरायची आणि दोरा नव्वदच्या खुणेपासून किती सरकला ते वाचायचं. दोन-तीन अंशांचा फरक येतोच. हलका खडा बांधला तर वाऱ्याने दोरा डोलतो आणि फरक वाढतो. भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश राणीच्या वाड्यात असा हाताला लागतो, हे व्हिडिओत कसं होणार?

आता भाषेचं. आपल्या मराठी शाळांत कन्नड शिकवतातच, मग ते वापरायची याहून चांगली जागा कुठली? पाटीचा फोटो न काढता दोघांनी मिळून ती उतरवावी आणि मराठीत सांगावी. पाट्या आणि पुस्तकं ताडून बघायची सवयही इथेच लागते: चन्नम्मांचा मृत्यू १८२९ मधला, पण तारीख कुठे २ फेब्रुवारी तर कुठे २१ फेब्रुवारी छापलेली असते. मुलांनी दोन्ही लिहून आणाव्यात, आपण एक खोडू नये. आणि चन्नम्मांच्या बाजूने इंग्रजांशी लढलेला संगोळ्ळी रायण्णा परका कसा होईल? बिडी, संपगाव, नंदगड ही त्याच्या लढ्यातली नावं आपल्या रोजच्या बसच्या पाटीवरची आहेत. त्याला १८३१ मध्ये फाशी दिली ती नंदगडला, खानापूर तालुक्यात, जिथे बाजारात मराठी कानावर पडते. तसंच कन्नड शाळांनीही नेसरीला जावं. २४ फेब्रुवारी १६७४ ला शिवरायांचे सरसेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी आदिलशाही सरदार बहलोलखानावर तुटून पडले ती जागा आपल्यापासून लांब नाही. मात्र तिथे राज्याची हद्द ओलांडावी लागते. खासगी गाडी असेल तर महाराष्ट्रात जायचं परमिट आहे का, हे ॲडव्हान्स देण्याआधी बघावं.

दंग्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. नंदगडला लोक रायण्णाच्या समाधीवर नवस बोलायला येतात, ते त्यांचं देवस्थानच आहे. तिथे पन्नास मुलं एकदम नेऊच नयेत. एक गट समाधीपाशी, बाकीचे लांब सावलीत लिहीत बसलेले. चपला बाहेर, डबे बसमध्ये, मोबाईल शिक्षकांकडे. आणि उपाशी मुलं गप्प बसत नाहीत, म्हणून समाधीला जेवण झाल्यावरच न्यावं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण पालक म्हणून तिचीच काळजी जास्त करावी. सहलींचे दिवस म्हणजे डिसेंबर-जानेवारी, म्हणजेच ऊसतोडीचा हंगाम. अंधार पडला की बैलहोंगलच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. अनेकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस बाजूला लोंबत असतो. सकाळी सातला निघून साडेपाचच्या आत बेळगावात परत, असंच वेळापत्रक हवं. संध्याकाळचा एखादा थांबा वाढवला की नेमकी बस त्या ट्रॅक्टरांच्या मागे सापडते. तुमच्या मुलाची सहल अजून ठरायची असेल तर एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत तीन गोष्टी विचारा: ठिकाणं किती, परतायची वेळ काय, आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या परवानगीला जोडलेल्या रूटमध्येच बस फिरणार का.