पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात देऊ नका

माझ्या मामांनी त्यांची वॅगनआर गेल्या महिन्यात पंधरा हजारांना देऊन टाकली. तासगावजवळच्या त्यांच्या वस्तीवरून मामींना तपासणीसाठी मिरजेला न्यायचं तर घरात तेवढी एकच गाडी होती. इंजिन ठणठणीत, टायर दोन वर्षांपूर्वी बदललेले, पीयूसी चालू. "मामा, गाडी का विकलीत?" म्हणून विचारलं, तर त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. आमच्याच घरच्या ग्रुपवर मावसभावाने टाकलेला मेसेज होता:

"सावधान! १५ वर्षं झालेल्या सगळ्या गाड्या सरकार जप्त करून भंगारात काढणार. पंपावर तेल मिळणार नाही. दुचाकी आणि ट्रॅक्टरही सुटणार नाहीत. आत्ताच भंगारात द्या आणि नव्या गाडीवर २५ टक्के सूट मिळवा. नंतर एक रुपयाही मिळणार नाही." खाली पेट्रोल पंपावरचा एक व्हिडिओ.

हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर आला आहे आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हात जोडून 'माहितीबद्दल धन्यवाद' लिहिलं आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

"१५ वर्षं झालेल्या सगळ्या गाड्या सरकार जप्त करणार." खोटं आहे. त्यासाठी कुणाच्या आतल्या बातमीची गरज नाही, मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ४१ वाचलं तरी पुरे. त्याच्या पोटकलम ७ मध्ये म्हटलंय की खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि तिचं नूतनीकरण करता येतं. पोटकलम १० म्हणतं की हे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. यालाच आपण रिपासिंग म्हणतो. पंधरा वर्षांचा हा आकडा कुणी काल-परवा काढलेला नाही, पस्तीस वर्षांहून जास्त काळ तो कायद्यात आहे. आपल्या वडिलांच्या पिढीने स्कूटर याच कलमाखाली रिपासिंग करून चालवल्या. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत २५ नंबरचा फॉर्म भरायचा, आरटीओत गाडी दाखवायची, ती ठीक निघाली की पुढची पाच वर्षं मिळतात. मामांच्या आरसीवर मार्च २०२६ ची तारीख होती. हातात चाळीस दिवस होते आणि फी होती पाच हजार रुपये.

मग ही 'भंगार पॉलिसी' काय आहे? २०२१ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली, मार्चमध्ये नितीन गडकरींनी ती संसदेत मांडली आणि १३ ऑगस्टला पंतप्रधानांनी तिचा प्रारंभ केला. तिच्या अधिकृत नावातला पहिलाच शब्द 'ऐच्छिक' असा आहे. गडकरींच्या त्या निवेदनात खासगी गाडीची नोंदणी वीस वर्षांनंतर रद्द होण्याची गोष्ट आहे, आणि तीसुद्धा गाडी तपासणीत नापास झाली किंवा मालकाने नूतनीकरणच केलं नाही तर. व्यावसायिक गाडीला पंधरा वर्षांनंतर फिटनेस मिळाला नाही, तर तिची नोंदणी जाते. गाडीचं वय आणि गाडीची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि धोरण अवस्थेबद्दल बोलतं.

पंधरा वर्षं झाली की थेट बाद, असा देशभराचा नियम एकाच गटाला आहे: सरकारी गाड्या. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महापालिका आणि परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण होत नाही. लष्कर आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. म्हणजे हा नियम एसटीला आहे, मामांच्या वॅगनआरला नाही. मेसेज लिहिणाऱ्याने 'सरकारी' हा शब्द खाल्ला आणि उरलेलं वाक्य गावभर फिरवलं.

"पंपावर तेल मिळणार नाही." त्या व्हिडिओतल्या गाड्यांच्या नंबर प्लेट कुणी बघितल्या का? मी थांबवून थांबवून बघितल्या. प्रत्येक प्लेट 'डीएल'ने सुरू होते, एमएच एकही नाही. तो दिल्लीतला जुलै २०२५ चा प्रकार आहे. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे. हरित लवादाने २०१४-१५ मध्ये ती घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तिच्या जोरावर १ जुलैपासून पंपावर कॅमेरे लावून तेल नाकारायला सुरुवात झाली, लोक चिडले आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. दिल्लीतल्या जुन्या गाडीवाल्यांचा प्रश्न खरा आणि कठीण आहे. पण त्या परिसरात हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातले जिल्हे येतात. सांगली जिल्हा त्यात नाही.

दुचाकीचं थोडक्यात सांगते. तिलाही तेच कलम ४१ लागू आहे, पंधरा वर्षांनंतर रिपासिंगची फी एक हजार. ट्रॅक्टरच्या नावाने शेतकऱ्याला घाबरवणं तर फारच वाईट. भंगार वाहनांबद्दल पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये जे नियम काढले, त्यांतून शेतीचे ट्रॅक्टर, ट्रेलर, कापणी यंत्रं आणि पॉवर टिलर स्पष्ट वगळले आहेत.

"नव्या गाडीवर २५ टक्के सूट." हे वाचून मामांना वाटलं, सहा लाखांची गाडी साडेचार लाखांना मिळेल. ही सूट गाडीच्या किमतीवर नाही, मोटार वाहन करावर आहे. खासगी गाडीला त्या करात जास्तीत जास्त २५ टक्के, व्यावसायिक गाडीला १५ टक्के. ती किती द्यायची हे राज्य ठरवतं. आणि ती मिळते फक्त सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राच्या ठेव प्रमाणपत्रावर, म्हणजे गाडी मोडीत जमा केल्याच्या दाखल्यावर. गावातल्या भंगारवाल्याला गाडी दिली तर हे प्रमाणपत्र नाही आणि सूटही नाही.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, ते.

"आत्ताच भंगारात द्या." कुणाला द्या, कशी द्या, याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. मामांकडे मेसेजनंतर चौथ्या दिवशी एक माणूस आला. "दादा, पुढच्या महिन्यात हिला कुणी हात लावणार नाही," म्हणाला. पंधरा हजार रोख दिले, मूळ आरसी घेतली, ट्रान्सफरच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर मामांच्या सह्या घेतल्या आणि गाडी चालवत घेऊन गेला. ओढून नव्हे, चालवत! भंगारात जाणारी गाडी होती ना ती? पावती नाही, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत नाही. त्याचा फोन आता बंद लागतो. मी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघितला, आजही मालक म्हणून मामांचंच नाव येतं.

नाव राहिलं तर काय बिघडलं, असं मामा म्हणाले. बिघडतं, मामा. ती गाडी कुठे चेकनाक्यावर सापडली तर पोलिसांचा फोन तुम्हाला येणार. ई-चलन तुमच्या नावावर फाटणार. आणि अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की गाडी विकली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या गाडीचा विमा जूनमध्ये संपतो. त्यानंतर तिच्याखाली कुणी सापडलं तर भरपाईसाठी बोट तुमच्या द्राक्षबागेकडे वळेल.

धोरणातच मांडलेल्या हिशेबाप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रात जुन्या गाडीला नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के मिळायला हवेत. सहा लाखांची गाडी धरली तर २४ ते ३६ हजार. शिवाय नोंदणी रीतसर रद्द होते, नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते. या केंद्रांची यादी परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर आहे. ज्याला गाडी खरंच मोडीत काढायची आहे, त्याने त्याच दाराने जावं.

मेसेजमध्ये खऱ्याचा अंश अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. जुनी गाडी ठेवणं सरकारने मुद्दाम महाग केलंय. कारच्या रिपासिंगची फी आधी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर आहेच. रिपासिंगला उशीर केला तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड. वयाची सरसकट अटही काही ठिकाणी आहे: मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळेच ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आणि धूर ओकणारी गाडी मोडीत निघालीच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. त्या धुरामागे दुचाकीवर लेकरं बसलेली असतात. पण ते ठरवायला तपासणी आहे. घाबरवून रोखीत गाडी उचलणारा माणूस ती मोडत नाही, दुसऱ्याला विकतो. धूर तिथेच राहतो, फक्त कागदावर नाव तुमचं असतं.

आम्ही आता आरटीओला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज दिला आहे: गाडी अमुक तारखेला अशा माणसाने नेली, सोबत त्याचा मोबाईल नंबर. दोन्हीकडून पोच घेतली. ज्यांनी अशीच गाडी दिली असेल त्यांनी आजच ॲपवर नाव तपासा आणि हेच करा. ज्यांची अजून दारात उभी आहे त्यांनी आरसी काढून वैधतेची तारीख बघा. कोऱ्या फॉर्मवर सही कुणालाही देऊ नका.

आणि दादा, तू ग्रुपवर तो मेसेज अजून ठेवला आहेस. आधी तो काढ आणि मग मामांना फोन कर. पुढच्या तपासणीला मामींना मिरजेला तुझ्या गाडीतून न्यायचं आहे.