आप्पांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना

जळगावला इंजिनिअरिंगला असाल, सुट्टीत सावद्याला घरी आला असाल, आणि घरात लॅपटॉप एकच असेल ज्यात आप्पांच्या केळीच्या गाड्यांचा सगळा हिशोब आहे, तर ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम), करायला याहून चांगलं मशीन तुम्हाला सापडणार नाही. बॅकअप घेऊ नका. पेनड्राइव्ह एकच आहे आणि त्यात आयएसओ, म्हणजे लिनक्स टाकायची फाईल, भरलीय, मग बॅकअप काय ताटलीत घेणार? मुहूर्त म्हणून आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस धरा, घर पाहुण्यांनी भरलेलं, आई खापरावर मांडे टाकतेय, लाईट कधीही जाईल आणि लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारलेली.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करायला सांगतात, ते करू नका. ते चालू असलं की शटडाऊन केलेलं विंडोज खरं बंद होतच नाही, मे महिन्यात दुपारी ओट्यावर आडवे झालेले नाना कसे "झोपलो नाही, पडलोय" म्हणतात, तसं. मग लिनक्समधून सी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहायला गेलं की नाही म्हणतो. तुम्ही आपले परमिशनच्या नावाने बोंबलत बसा, रात्र छान जाते.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का तेही आधी बघू नका. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना ओएसची सही तपासणारी सोय, बंद करा, रिस्टार्ट मारा, स्क्रीन निळी होऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाऊंटवर असते, आणि ते अकाऊंट दुकानवाल्याने लॅपटॉप देताना आप्पांच्या कुठल्यातरी जुन्या नंबरवर उघडून दिलेलं असतं. आप्पा मागे उभे राहून विचारतील, "काय करी राहिना रे भो?" तुम्ही म्हणा, अपडेट. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ग्रब, लॅपटॉप चालू झाला की कुठली ओएस उघडायची ते विचारणारा मेनू. ग्रब म्हणजे भुसावळच्या रेल्वे केबिनमधला माणूस समजा, मुंबईकडून गाडी आली की हिला इटारसीला सोड, तिला नागपूरला सोड, एवढंच त्याचं काम. पण २०२१ मध्ये ग्रब २.०६ आलं तेव्हापासून दुसरी ओएस शोधणारा ओएस-प्रोबर डिफॉल्टनेच बंद असतो, म्हणजे केबिनवाला ड्युटीवर आहे पण नागपूर लाईन अस्तित्वात आहे हे त्याला कोणी सांगितलंच नाही. मेनूत विंडोज दिसत नाही, तुमचा चेहरा पांढरा, आणि विंडोज बिचारं डिस्कवर जागच्या जागी धडधाकट असतं. ग्रबच्या डिफॉल्ट फाईलमध्ये डिसेबल-ओएस-प्रोबरच्या ओळीला फॉल्स करून अपडेट-ग्रब चालवलं की दोन मिनिटांत येतं, पण तुम्ही तसं करू नका, पहाटे तीनला 'विंडोज उडालं' ठरवून सगळी डिस्क फॉरमॅट करायची इच्छा होणं हा या विद्येतला खरा संस्कार आहे.

यातूनही दोन्ही ओएस जगल्या तर घड्याळ बघा. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, लिहितं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, आणि आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. सकाळी दहाला आप्पा लॅपटॉप उघडतात तर साडेचार वाजलेले. लिनक्सला लोकल टाईम वापरायला सांगणारी एका ओळीची कमांड आहे म्हणा, पण आप्पांना वाटतंय आपण अजूनही पहाटे उठतो, त्यांचा आनंद कशाला हिरावा.

विंडोज डिफॉल्ट ठेवायच्या भानगडीतही पडू नका, ग्रब सेटिंगमध्ये ते जमतं, पण मग उघडल्याबरोबर लिनक्स आलं नाही तर शेजारच्या पोरावर छाप कशी पडणार? त्याऐवजी आप्पांना पाठ करून घ्या, लॅपटॉप चालू झाला की खालचा बाण दोनदा, मग एंटर. मी हेच केलं. आप्पांनी महिनाभर न चुकता केलं. मग मी जळगावला परत जायच्या आदल्या रात्री लिनक्सचं नवीन व्हर्जन चढवलं आणि मेनूत विंडोजच्या वर, रॅम फेरीफेरीने तपासत बसणारी, मेमरी टेस्ट नावाची एक ओळ येऊन बसली, आपणहून, मी बघितलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन, आप्पा सकाळपासून लॅपटॉपसमोर बसलेत, जेवायलाही उठेनात, आकडे पळताहेत म्हणे, अपडेट होऊन राहिलंय, आता तिसरा पास चालू आहे.