एकटेच आलात?

भर जुलैत एकट्याने बाईकवर कोकणात जायचं म्हणून टेंट घेतला. त्याच्या पिशवीवर लिहिलेलं होतं, वॉटरप्रूफ, ३००० एमएम. ते वाचून मी दोन दिवस घरात छाती फुगवून फिरत होतो. बायकोने विचारलं, ३००० एमएम म्हणजे काय रे? मी म्हणलं म्हणजे लय भारी. मग गुपचूप शोधलं तर कळलं की कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. हे मी तिला ऐटीत सांगितलं. तिने मोबाईल काढला, रत्नागिरीत एका पावसाळ्यात किती पाऊस पडतो ते बघितलं आणि म्हणाली, "तिथे पण तीन हजाराच्या वरच आहे. म्हणजे तुझा टेंट गणपतीपर्यंत टिकेल, नंतर नवीन घे." या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही हे मी तिला पटवून देत होतो तोवर ती भाजी ढवळायला निघून गेली होती.

आता सोलो ट्रिप का, तर खरं सांगतो, सोलो जायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आम्ही पाच जण जाणार होतो. ग्रुपचं नाव पण "कोकण फायनल" होतं. मग एकाची रजा गेली, एकाच्या पोराची युनिट टेस्ट आली, एकाने नुसता अंगठा टाकला आणि नंतर आजतागायत त्या ग्रुपवर तो दिसलेला नाही, आणि चौथा म्हणाला की भर जुलैत टेंटात झोपायला तू काय येडा आहेस का. तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं की मला कधीपासून एकट्यानेच करायची होती ही राईड, स्वतःला वेळ देणं वगैरे. एकदा असं तोंडातून गेलं की माणसाला जावंच लागतं.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, बाईक टाकून बाणकोटची खाडी ओलांडायची आणि वेश्वीला उतरून केळशी, असा पहिल्या दिवसाचा प्लॅन. ताम्हिणीबद्दल काही लिहित नाही. धबधबे होते, धबधब्याखाली स्पीकर होते, स्पीकरभोवती माणसं नाचत होती.

रेनकोटबद्दल मात्र लिहिणं भाग आहे. बाईकवर बसलेल्या माणसाचा रेनकोट कुठून गळतो हे ज्याला माहितीय त्याला माहितीय. पॅन्टच्या चारी शिवणी जिथे एकत्र येतात नेमकं तिथे, टाकीवरून ओघळून आलेलं पाणी सीटवर तळं करतं आणि आपण त्या तळ्यात बसतो. बाकी अंग ठणठणीत कोरडं. त्यामुळे माणगावला चहाला उतरलो तेव्हा माझ्याकडे बघून कोणाचाही वेगळाच गैरसमज झाला असता, आणि चहावाल्याचा झालाच असणार, कारण त्याने आधी फडकं पुढे केलं आणि मग फार मायेने विचारलं, "एकटेच?"

ही सुरुवात होती. त्या दिवसात हा प्रश्न मला किती वेळा आला ते मोजलं नाही. पेट्रोल पंपावर, एकटेच? जेटीच्या तिकीट खिडकीवर, एकटेच? केळशीच्या खानावळीत काकूंनी पाण्याचा तांब्या ठेवतानाच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत ओरडून सांगितलं, "अगो, एकटाच आहे तो." खानावळीत मी सुरमई मागितली. काकूंनी मी चंद्र मागितल्यासारखं बघितलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापं टाकून ठेवलेल्या असतात, हे वाटेत डोळ्यांनी बघत आलो होतो तरी टाळक्यात शिरलं नव्हतं. सुरमई खायला दोनशेच्या आसपास किलोमीटर पाण्यात बसून आलेल्या माणसाने मग डाळ, भात आणि फणसाच्या आठळ्यांची भाजी खाल्ली. आठळ्या उत्तम होत्या, पण तो मुद्दा नाही.

रात्री टेंट लावला सुरूच्या बनात. व्हिडिओत तो माणूस चार मिनिटांत लावतो. व्हिडिओतल्या माणसाकडे वाळू नसते. केळशीच्या वाळूत मी खुंटी ठोकायचो, दोरी ताणायचो, आणि खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी अलगद बाहेर यायची. शेवटी दोऱ्या सुरूच्या झाडांना, बाईकच्या हँडलला आणि एक माझ्याच बुटाला बांधून आत शिरलो. पाऊस बाहेर कोसळतोय आणि आपण आत कोरडे, काय सुख असतं, असं वाटून मी सगळ्या चेन गच्च लावून घेतल्या आणि हवा यायच्या जाळ्या पण बंद केल्या, उगाच रिस्क नको. दीडच्या सुमारास नाकावर थेंब पडला. मग कपाळावर. टॉर्च लावून बघितलं तर छताला आतून थेंबांची रांग लागलेली. तर ते ३००० एमएम काही खोटं नव्हतं, बाहेरचा एक थेंब आत आलेला नव्हता. माझाच श्वास थंड कापडाला लागून पाणी होत होता आणि परत माझ्यावर पडत होता. म्हणजे बाहेर पाऊस तो पाडत होता आणि आत मी.

पहाटे कोणीतरी काठीने टेंट ढोसला. "आत कोण हाय काय?" मी डोकं बाहेर काढलं. प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेतलेले एक आजोबा, गाय शोधत आलेले. माझ्याकडे बघितलं, बाईककडे बघितलं, दोरी बांधलेल्या बुटाकडे जरा जास्त वेळ बघितलं. "घरात भांडण झालं काय?" नाही ओ, म्हणलं, फिरायला आलोय. "एकटाच?" हो. आजोबा काही बोलले नाहीत. दहा पावलं जाऊन परत आले आणि म्हणाले, "बायको चांगली असते रे, जा घरी."

या आजोबांमुळे मी खोटं बोलायचं ठरवलं. दाभोळच्या जेटीवर तिकीटवाल्या दादाने तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, "चार मित्र आहेत अजून, मागून येतायत." इतकं हलकं वाटलं मला! दादा म्हणाला, "मग थांबवतो ना, दोन मिनिटांनी काय होतंय," आणि खरंच त्याने बोटीची फळी वर घेऊ दिली नाही. बोटीवर एक टेम्पो, दोन रिक्षा, एक लग्नाला की कुठे निघालेलं नटलेलं कुटुंब, सगळे पावसात माझ्या मित्रांची वाट बघत रस्त्याकडे माना वळवून उभे. मी पण वळवून उभा. काय करणार. पाच मिनिटांनी मी खोटा फोन कानाला लावला, "अरे कुठे आहात, बरं बरं, पुढची पकडा." समोरच्या धोपाव्याला जायला रस्त्याने चिपळूणला वळसा घालावा लागतो, म्हणून बरं, नाहीतर मी तिथूनच पळ काढला असता.

दुसऱ्या रात्री वाळू नकोच म्हणून वेळणेश्वर सोडून वर सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्याचं पठार, मैलभर सपाट, पावसात हिरवंगार, फोटोला एकदम कडक. तिथे कळलं की कातळात खुंटी जातच नाही. दगडाने ठोकली, दगड फुटला. खुंटीचं इंग्रजी एस झालं. वाळूत खुंटी राहत नाही, कातळात खुंटी शिरत नाही, आणि या दोन्हीच्या मधे जिथे म्हणून छान मऊ माती आहे तिथे लोकांनी भात लावलेला आहे. कोकणात टेंट कोणी लावत नाही त्याला कारण असणार ना काहीतरी, पण हे असलं ज्ञान आपल्याला साडेसात वाजता अंधार पडल्यावर होतं.

दोऱ्यांवर जांभ्याचे धोंडे ठेवून टेंट कसाबसा उभा केला. धोंडे उचलताना आठवलं की सड्यावर धोंड्यांखाली फुरसं असतं. फुरसं म्हणजे वीतभर नाहीतर हातभर लांबीचा साप, पण जहाल, आणि चिडला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतो, हे शाळेतलं नेमकं लक्षात राहिलेलं, मासेमारीबंदी नाही राहिली. आत जाऊन पडलो. हलकेच कूस बदलली. खर्र.

मी गोठलो. पाच मिनिटं श्वास नाही घेतला, म्हणजे छतातून पडणारा पाऊस पण थांबला असेल. मग वाटलं गेलं असेल. पाय जरासा लांब केला. खर्र खर्र. पायाशीच! टॉर्च डोक्याशी होती, हात लांबवला तर परत खर्र, आणि यावेळी दोन्हीकडून. म्हणजे दोन आहेत, जोडी आहे. मी मनातल्या मनात बायकोची माफी मागितली, पॉलिसीचा हप्ता भरला होता का ते आठवून बघितलं, आणि एका दमात टॉर्च पेटवली. काही नव्हतं. मी उठून बसलो, खर्र. रेनकोटची पॅन्ट काढायची राहिली होती. मांडीला मांडी घासत होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं पण मग पाऊस वाढला. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिमीला मुसळधार म्हणतं आणि ११५.६ च्या पुढे अति मुसळधार, तो पॉइंट सहा कोण मोजतं ते मला बघायचंय एकदा. कातळावर पडलेलं पाणी मुरायच्या भानगडीत पडलं नाही, आख्खा सडाच चादरीसारखा वाहायला लागला, आणि त्या चादरीवर माझा टेंट, टेंटखाली पाणी हुळहुळतंय आणि मी वॉटर बेडवर. साडेआठला सगळं गुंडाळून खताच्या गोणीत कोंबलं आणि उतारावर जो पहिला दिवा दिसला तिथे बाईक लावली.

पडवीत एक आजी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. "एकटाच?"

आणि मी, माझ्या जिभेला काही हाड, सवयीने म्हणलं, "नाही, चार मित्र मागून येतायत."

आजींनी आत हाक मारली, "सूनबाई, अजून पाच जणांचा भात टाक गो."

नको नको म्हणेपर्यंत तांदूळ धुतल्याचा आवाज आला. आता खरं सांगावं तर खोटारडा, न सांगावं तर पाच जणांचा भात. मी गप्प बसलो, जे मी आयुष्यात अशा वेळी कायम केलेलं आहे. गरम भात, कुळथाचं पिठलं, वर सुकटीची चटणी. मी स्वतःचं जेवलो, मग एकाचं जेवलो, मग दुसऱ्याचं अर्धं. आजी दर दहा मिनिटांनी रस्त्याकडे बघून म्हणायच्या, "पोरं भिजली असतील रे." माझा टेंट त्यांच्या नातवाने पडवीत उभा केला, एकही खुंटी न लावता, आणि तो त्यातच झोपला. मी खाटेवर. रात्री जाग आली तेव्हा कंदील दारात तसाच ठेवलेला होता, माझ्या मित्रांसाठी. त्यानंतर मला झोप लागली नाही.

सकाळी निघताना आजींनी स्टीलचा चार पुडी डबा हातात दिला. भाकऱ्या आणि ती चटणी. "वाटेत भेटतील तेव्हा दे. डबा परत यायला पाहिजे हां." मी वाकून नमस्कार केला, खरं तर पाय धरायला पाहिजे होते.

धोपाव्याच्या जेटीवर तोच दादा. "काय, आले का मित्र?"

"आले की," मी म्हणलं, "पुढे गेले."

"पुढे म्हणजे पलीकडे?"

"हो."

त्याने खाडीकडे बघितलं, बोटीकडे बघितलं. "कशातून ओ?"

मी डबा उघडला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने भाकरी मोडली, चटणी लावली, खलाशाला हाक मारली, ड्रायव्हरला वरून बोलावलं. सगळे टेकून खायला लागले.

"किती जण होते म्हणालात?" दादाने विचारलं.

"चार."

त्याने माणसं मोजली. "बरोबर आहे मग," म्हणाला, आणि फळी वर घ्यायला सांगितली.