रॉकेट नव्हे, प्लॅनेट

स्टीफन्सनच्या १८२९ च्या ‘रॉकेट’ या रेल्वे इंजिनावरचा लेख वाचला. ‘पुढची सगळी वाफेची इंजिनं रॉकेटच्याच साच्यातून निघाली’ हे त्यातलं विधान अर्धंच खरं आहे. बॉयलरमधल्या २५ तांब्याच्या नळ्या आणि वापरलेली वाफ चिमणीत सोडून विस्तवाला ओढ देणं, एवढं पुढे टिकलं. बाकी रचना, ज्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी रॉकेट बनलं, तिनेच वर्षभरात मोडीत काढली. रॉकेटचे सिलिंडर मागच्या बाजूला तिरके बसवलेले. पिस्टनचा प्रत्येक धक्का स्प्रिंगांवर यायचा आणि वेग वाढला की इंजिन डुलायचं. म्हणून सिलिंडर नंतर जवळजवळ आडवे केले (आज जपून ठेवलेलं रॉकेट याच बदललेल्या रूपात आहे, लेखातल्या चित्रातल्या मूळ रूपात नव्हे). फायरबॉक्सही (विस्तवाची पेटी) वेगळा, बाहेरून पाइपांनी जोडलेला. १८३० च्या नॉर्थम्ब्रियन या इंजिनात तो बॉयलरचाच भाग झाला.

खरा साचा त्याच वर्षीच्या प्लॅनेट या इंजिनाचा. सिलिंडर पुढे, स्मोकबॉक्सच्या (चिमणीखालची धुराची पेटी) खाली आतल्या बाजूला: तिथे ते गरम राहतात, वाफेचं पाणी कमी होतं, आणि जोर मधल्या रेषेजवळ आल्याने हेलकावे कमी. किंमत मोजावी लागली ती क्रँक अ‍ॅक्सलमध्ये. तेव्हाच्या घडीव लोखंडाचा हा वाकवलेला आस कोपऱ्यात तडकायचा. म्हणूनच बाहेरच्या लाकूड-लोखंडी फ्रेमशिवाय आतही आधाराच्या फ्रेम आणि बेअरिंगं दिली. आस तुटला तरी चाक जागेवर राहावं हा हेतू. शिवाय दर यार्ड लांबीला ३५ पौंड वजनाचे मूळ रूळ या वाढत्या वजनाला पुरेनात. लेखात रुळांचा उल्लेखच नाही, हे खटकलं.