कातडी सोलते ते विष नाही, मेलेल्या पेशी आहेत

इंदूरला रामबागेत आमची आत्या राहते. मे महिन्यात भर 12 वाजता गच्चीवर तासभर बसून तिनं हात भाजून घेतले, का तर व्हॉट्सॲपवर आलं होतं की दुपारचं ऊन घ्या, कातडी सोलली की शरीरातलं विष बाहेर पडतं, सावळ्या कातडीला काही होत नाही, रात्री पेशी सगळं आपोआप दुरुस्त करतात, वरून खोबरेल लावा की झालं. चौथ्या दिवशी सालं निघायला लागली तर ही खूश! फोनवर म्हणते, बघ रे, निघतंय सगळं.

आत्या, विष नाही गं, तुझ्याच पेशी आहेत त्या. उन्हातले यूव्ही-बी हे अतिनील किरण पेशीत शिरले की डीएनएतली शेजारशेजारची दोन थायमिन, म्हणजे डीएनएच्या लिपीतली अक्षरं, एकमेकांना चिकटतात, मग तो डीएनए नीट वाचताच येत नाही. पी53 नावाचं प्रोटीन जागं होतं, पेशीची वाढ थांबवतं, आणि बिघाड फारच असेल तर तिला मरायलाच लावतं, कारण असली पेशी जगून वाढत राहिली तर पुढे कॅन्सरची भीती. सोलून पडतो तो अशा मेलेल्या पेशींचा थर, विष आलं कुठून यात?

दुरुस्ती होते, हे खरंय. बिघडलेला जवळजवळ 30 अक्षरांचा तुकडा कापून पेशी तिथे नवा भरते, हे कसं होतं ते उलगडल्याबद्दल शास्त्रज्ञ अझीझ सँकार यांना 2015 च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण ती रात्रीची वाट बघत नाही, आणि सगळं दुरुस्त होतंच असंही नाही, सुटलेली चूक पुढच्या पेशींत कॉपी होत जाते.

सावळ्या रंगाचा फायदा आहे, तेही मान्य, गोऱ्यांपेक्षा आपल्यात त्वचेचा कॅन्सर खूप कमी. पण कवच बिवच नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांचा 2015 चा 'सायन्स' या नियतकालिकातला पेपर आहे, त्यांनी कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर यूव्ही-ए, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण, टाकून दिवा बंद केला तरी 3 तासांहून जास्त वेळ डीएनएत तसे चिकटलेले नवीन जोड पडतच राहिले, आणि ते मेलॅनिन या रंगद्रव्यामुळेच, मेलॅनिन नसलेल्या पेशींत तसं झालं नाही. म्हणजे आत्या गच्चीवरून खाली येऊन जेवत होती तेव्हाही आत नुकसान चालूच असणार! आणि उन्हानं काळं पडणं हीसुद्धा डीएनए दुखावल्याचीच खूण आहे, तो रंग पी53 च्याच इशाऱ्यावर वाढतो.

व्हिटॅमिन डीला ऊन लागतं, पण त्यासाठी भाजेपर्यंत बसायला नको. आणि खोबरेल म्हणजे सनस्क्रीन नाही, बास.

आत्याच्या हातांवर फोडही आलेत, उद्या डॉक्टरांकडे नेतोय. ज्या काकांनी तिला तो मेसेज पाठवला त्यांना आधी हे वाचायला पाठवलंय.