ड्रुइडांचा तेरावा महिना

‘तुमचं सेल्टिक झाड कोणतं?’ असा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. जन्मतारीख बघायची, झाड शोधायचं, स्वभाव वाचायचा. माझ्या वाट्याला द्राक्षवेल आली. खाली काही पुस्तकांची शिफारस आणि चार दावे: झाडांच्या या राशी प्राचीन ड्रुइडांच्या, म्हणजे आयर्लंड, ब्रिटन, फ्रान्सकडच्या जुन्या सेल्टिक लोकांच्या पुरोहितांच्या आहेत, त्यांचं गुप्त ज्ञान अडीच हजार वर्षं अखंड चालत आलंय, स्टोनहेंज हे इंग्लंडमधलं प्रचंड शिळांचं रिंगण त्यांचंच मंदिर, आणि ड्रुइड म्हणजे मुळात आपले द्रविड.

आधी माझी द्राक्षवेल. आयर्लंडच्या पावसाळी गारठ्यात ती रानात उगवत नाही. मग तिथल्या ड्रुइडांनी महिन्याला तिचं नाव का दिलं? दिलंच नव्हतं. तेरा झाडांचं हे पंचांग रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने 1948 साली मांडलं. त्यासाठी त्याने ओघम ही जुनी आयरिश लिपी वापरली. तिच्या वीस अक्षरांपैकी काहींची नावं खरोखर झाडांची आहेत, उदाहरणार्थ बर्च, ओक, हेझल. पण ‘गोर्त’ म्हणजे शेत, ‘तिन्ने’ म्हणजे धातूची कांब. मध्ययुगीन पंडितांनी ओढूनताणून सगळ्याच अक्षरांना झाडं लावली आणि ग्रेव्ह्जने त्यावर महिने रचले.

ओघमचे सुमारे 400 कोरीव दगड आज शिल्लक आहेत, बहुतेक दक्षिण आयर्लंडमध्ये, चौथ्या ते सातव्या शतकातले. दगडाच्या कडेवर एक ते पाच रेघांचे गट, खालून वर वाचत जायचे. वाचल्यावर काय निघतं? ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा.’ म्हणजे दारावरची पाटी. मंत्र नाही, भविष्य नाही.

आता अखंड परंपरेचं. ज्युलियस सीझर लिहितो की ड्रुइडांचे काही शिष्य वीस-वीस वर्षं पाठांतर करत आणि ही विद्या लिहून ठेवणं निषिद्ध होतं. पुस्तकवाले हेच वाक्य पुढे करतात: लिहिलं नाही म्हणूनच ते गुप्तपणे टिकलं! वेदही तोंडीच टिकले, असं कुणी म्हणेल. पण वेदांचे पाठक पिढ्यान्‌पिढ्या दाखवता येतात, पदपाठ-घनपाठ आजही ऐकायला मिळतात. ड्रुइडांना रोमनांनी पहिल्या शतकात मोडून काढलं, आयर्लंडमध्ये उरलेसुरले ख्रिस्ती धर्मापुढे संपले. जुन्या आयरिश कथा आपल्यापर्यंत आल्या त्या ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांच्या हातून.

मग पुस्तकांत भरलंय काय? बरंचसं एका पाथरवटाचं. एडवर्ड विल्यम्स, वेल्समधला, टोपणनाव योलो मोर्गानुग. 1792 साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर खिशातून आणलेल्या खड्यांचं रिंगण मांडून त्याने ‘प्राचीन’ सोहळा केला. गडी अफूच्या अर्काचा व्यसनी, आणि प्रतिभा अशी की 1789 साली निघालेल्या एका चौदाव्या शतकातल्या वेल्श कवीच्या संग्रहात स्वतःच्या कविता त्याच्या नावावर बेमालूम घुसवल्या. ही लबाडी नीट उघडी पडायला 1920चं दशक उजाडलं. आत्मा ‘अब्रेड’च्या वर्तुळातून चढत ‘ग्विन्विड’ला पोचतो, ही मांडणीही योलोचीच, त्याच्या मृत्यूनंतर 1862 साली छापून आली. आपल्याकडे ती पुनर्जन्माचा पुरावा म्हणून फिरते. मृत्यूनंतर आत्मा दुसऱ्या देहात जातो असं ड्रुइड मानत, एवढं सीझर सांगतो. वर्तुळांचा नकाशा मात्र पाथरवटाचा. मला हा माणूस आवडतो, पण इतिहासकार म्हणून नाही.

स्टोनहेंजचं थोडक्यात: काम सुरू झालं इ.स.पू. 3000च्या सुमारास, ड्रुइडांचे सर्वांत जुने उल्लेख त्याच्या अडीच-तीन हजार वर्षांनंतरचे. दोघांची सांगड घातली सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रज हौशी संशोधकांनी.

द्रविडांचं प्रकरण गमतीचं आहे, कारण खरं नातं तिथे आहेच, फक्त भलतीकडे. ‘ड्रुइड’मधला ‘विद’ म्हणजे जाणणं, आपल्या ‘विद्या’ आणि ‘वेद’ यांतलाच. ‘द्रु’चा संबंध ‘द्रुम’ आणि ‘दारू’ (लाकूड या अर्थी, दुसरी नव्हे) यांच्याशी लावतात. म्हणजे नातं इंडो-युरोपीय, चुलत शब्दांचं. ‘द्रविड’ हा शब्द मात्र ‘तमिळ’च्या घरातला. उच्चार जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

आणि सेल्टिक पंचांग हवंच असेल तर ते सापडलेलं आहे. 1897 साली पूर्व फ्रान्समधल्या कोलिन्यी गावात एका काशाच्या पत्र्याचे तुकडे मिळाले, भाषा गॉलची (फ्रान्सचं जुनं नाव), काळ बहुधा दुसरं शतक. त्यात पाच वर्षांचे 62 महिने मांडलेत. वेदांगज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं आणि 62 चांद्रमासांचंच! पण इथेही कुणी कुणाकडे गेलं नव्हतं. साठ चांद्रमासांचे दिवस होतात सुमारे 1772, पाच सौरवर्षांचे 1826. उरलेले 54 दिवस भरायला दोन महिने घालावेच लागतात, मग तुम्ही गॉलमध्ये असा की गंगेकाठी. त्या पत्र्यावर महिने बाराच आहेत: सामोनिओस, दुमानिओस, रिव्रोस आणि पुढचे. तेरावा आलाच तर आपल्यासारखा अधिक म्हणून. द्राक्षवेल कुठेच नाही.