दाट लावणीने बेणणी टळत नाही

लावणीच्या तोंडावर फिरणारा संदेश यंदाही आला. म्हणे भात दाट लावा, एकेका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या झुबक्यात, सात-आठ रोपं घाला. उत्पन्न दुप्पट होईल, सावलीने तण येणार नाही, खाचरात पाणी तुंबवलं की बेणणीची, म्हणजे तण काढण्याची, मजुरीही वाचेल. मजूर मिळेनासे झालेत, त्यामुळे हे वाचून मन वळतं. पण असं करून पीक हातचं जातं, म्हणून लिहितोय.

दुप्पट उत्पन्नाचं आधी पाहू. 20 × 15 सेंमी अंतरावर चौरस मीटरला 33 चूड बसतात, 15 × 10 वर 66. चूड दुप्पट झाले, पण ऊन आणि खत तेवढंच. सात-आठ रोपांच्या चुडात आतल्या रोपांना नवे फुटवे काढायला जागाच नसते. काडी बारीक राहते, लोंबी आखूड येते, पळींज (पोचट दाणे) वाढतं आणि वाऱ्यापावसात भात लोळतं. शिवाय हवा न खेळणाऱ्या दाट भातात तपकिरी तुडतुडे (कीड) बुडख्याशी माजतात. चुडाला दोन-तीन रोपं पुरतात.

एक गोष्ट मात्र खरी. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) जातींना फुटव्यांसाठी दिवस कमी मिळतात, म्हणून त्या 15 × 15 वर लावतात. निमगरव्या-गरव्या (मध्यम आणि उशिरा पिकणाऱ्या) 20 × 15 वर. रोप जून झालं असेल तर चुडात एखादं जास्त घालावं. संदेशात सगळ्या जाती एकाच मापाने मोजल्या आहेत.

आता तण. पानाला पान भिडलं की सावली पडते आणि नवं तण दबतं, हे मान्य. पण भाताला तणाचा खरा फटका लावणीनंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात बसतो, आणि सावा हे तण तर कित्येकदा तरव्यातूनच (रोपवाटिकेतून) रोपांच्या मुठीबरोबर खाचरात येतं. ते लहानपणी हुबेहूब भातासारखं दिसतं. पान खोडाला मिळतं तिथे वाकवून बघा: भाताला पांढरा पातळ पडदा आणि दोन केसाळ कान असतात, साव्याला यातलं काहीच नसतं. आवण (लावणीची रोपं) उपटतानाच हे पाहिलं तर पुढचं बरंच काम वाचतं.

पाण्याखाली साव्याचं बी सहसा रुजत नाही, हेही बरोबर. पण रोपाबरोबर लावला गेलेला सावा पाण्याने मरत नाही. चिखलणी करताना खाचर सपाट झालं नसेल तर उंचवट्यांवर पाणी टिकत नाही आणि तण तिथेच उठतं.

दाट आणि वेडीवाकडी लावणी केली की या तणापर्यंत पोचताच येत नाही, पाय ठेवला तिथे चूड मोडतो. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत 15 आणि 25 सेंमीची आलटूनपालटून अंतरं ठेवतात, ती खताची गोळी चार चुडांच्या मधोमध खोचायला. त्याच 25 सेंमीच्या मोकळ्या पट्ट्यात बेणणाऱ्या बाईला पाय टेकता येतो आणि कोळपंही (तण काढायचं अवजार) फिरतं. दोरीला खुणा बांधून लावायला वेळ जास्त लागतो, पण दोन-तीन आठवड्यांनी बेणायला उतरलात की तो भरून निघतो.